पॅनलचा आकडा खरा की टाँग टेस्टरचा? उपकेंद्रातल्या व्होल्टेज-करंट मोजणीविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे: डिप्लोमा करून एका ३३/११ केव्ही उपकेंद्रात शिकाऊ म्हणून रुजू झालेल्या तरुणाने तिथली काही वाचनं पाठवली आहेत. उपकेंद्रात १० एमव्हीएचा एकच ट्रान्सफॉर्मर. ३३ केव्ही इनकमरची (वीज आत घेणाऱ्या पॅनलची) सीटी, म्हणजे करंट लहान करून मीटरला देणारा करंट ट्रान्सफॉर्मर, २००/१. पॅनलवर १२४ अँपिअर दिसत असताना साहेबांच्या परवानगीने सीटीच्या वायरला टाँग टेस्टर (वायरीभोवती जबडा मिटवून करंट मोजणारं मीटर) लावला, तर तो कधी ०.४ दाखवतो, कधी ०.९. त्याच वेळी ११ केव्ही इनकमरवर १८६ अँपिअर होते. शिवाय एका सकाळी ३३ केव्हीचं व्होल्टेज आर, वाय, बी या तीन फेजच्या जोड्यांत आर-वाय १९, वाय-बी ३३, बी-आर १९ असं दिसलं, पण ग्राहकांची एकही तक्रार नव्हती. यातलं खरं काय मानायचं? आणि सीटी उघडी ठेवायची नाही, पीटी (व्होल्टेज लहान करून मीटरला देणारा ट्रान्सफॉर्मर) शॉर्ट करायची नाही, असं सगळे सांगतात, ते का?

वाचनं लिहून पाठवलीत हे उत्तम केलंत. नुसता "मीटर चुकतंय का" असा प्रश्न आला की उत्तर देणं अवघड होतं. इथे तुमच्या आकड्यांतच बरंच उत्तर दडलेलं आहे, आणि तुम्ही न विचारलेली एक गोष्टही. ती शेवटी घेतो.

आधी एक पक्कं करू. पॅनलवरचं मीटर ३३ केव्ही कधीच बघत नाही. त्याच्यापर्यंत येतात ११० व्होल्ट आणि एखादा अँपिअर, बाकी सगळा गुणाकार. यार्डातली पीटी ३३,००० व्होल्टचे ११० करते, म्हणजे गुणोत्तर ३००. पीटी फेज आणि अर्थ यांच्यामध्ये जोडलेली असल्यामुळे एका फेजवर प्रत्यक्षात १९.०५ केव्ही असतात आणि सेकंडरीला (मीटरकडच्या बाजूला) ६३.५ व्होल्ट. मल्टिमीटरने पीटीच्या टर्मिनलवर फेज-न्यूट्रल ६१.२ व्होल्ट मिळाले, तर त्याला ३०० ने गुणा, मग १.७३२ ने गुणा: ३१.८ केव्ही. पॅनलवर याच्या आसपासचा आकडा नसेल तर मधल्या वाटेत काहीतरी आहे. फ्यूजचा सैल होल्डर, गंजलेलं टर्मिनल, किंवा मीटरमध्ये चुकीचं भरलेलं गुणोत्तर. मार्शलिंग बॉक्समध्ये (यार्डातल्या वायरी एकत्र येतात त्या पेटीत) ६३.५ आणि पॅनलमागे ६२.९ मिळाले, तर फरक दिसायला अर्ध्या व्होल्टचा. पण ३३ केव्हीच्या भाषेत तो ३०० व्होल्टच्या वर जातो आणि ऊर्जेच्या हिशोबात जवळपास एक टक्का खातो.

करंटचंही तसंच. २००/१ ची सीटी म्हणजे लाईनला २०० अँपिअर असताना सेकंडरीला १ अँपिअर. पॅनलवर १२४ दिसत असतील तर वायरीत ०.६२ अँपिअर वाहत असला पाहिजे. तुमचा टाँग टेस्टर ०.४ ते ०.९ दाखवतो, म्हणजे ८० ते १८० अँपिअर. माझं मत विचाराल तर इथे पॅनल बरोबर आहे आणि टाँग टेस्टर चुकीच्या कामाला लावलाय. ४०० किंवा ६०० अँपिअरचा नेहमीचा टाँग टेस्टर एक अँपिअरच्या खाली विश्वासाचा नसतो. त्याचा शेवटचा अंकच बहुधा ०.१ अँपिअरचा, त्यावर पाचेक अंकांची चूक कंपनीच कागदावर कबूल करते. शेजारच्या वायरीचं चुंबकीय क्षेत्र, जबड्यावरची धूळ, जबडा पुरता न मिटणं, हे सगळं त्यात मिसळतं. सीटी सेकंडरीसाठी मिलिअँपिअरपर्यंत वाचणारा लहान जबड्याचा लीकेज क्लॅम्प मागवा. पाच अँपिअरची सीटी असती तर तुमच्या टाँग टेस्टरने अंदाज तरी दिला असता.

पुस्तकात एक युक्ती असते: वायरीचे दोन-तीन वेढे जबड्यातून घ्या आणि वाचनाला तितक्याने भागा. युक्ती खरी आहे, पण चालू सीटीच्या वायरीवर करू नका. वेढा घ्यायला वायर ओढावी लागते. लग किंवा फेरूल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) सैल असेल तर ती टर्मिनलमधून निसटते, आणि मग तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रात्यक्षिकासह मिळतं.

ते उत्तर असं. सीटीच्या प्रायमरीतून किती करंट जायचा हे सीटी ठरवत नाही, लाईनवरचा लोड ठरवतो. सेकंडरी बंद असते तेव्हा तिच्यातला करंट प्रायमरीच्या चुंबकीय जोराला जवळजवळ पूर्ण काटतो, आणि कोअरमध्ये (लोखंडी गाभ्यात) अगदी थोडा फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) उरतो. सेकंडरी उघडली की विरोध करणारं कोणी राहत नाही. लाईनचा सगळाच्या सगळा करंट कोअरला मॅग्नेटाइज करायला लागतो. कोअर प्रत्येक अर्ध्या आवर्तनात एका टोकाच्या सॅचुरेशनमधून (चुंबकत्व आणखी वाढू शकत नाही अशा अवस्थेतून) दुसऱ्या टोकाला उडी मारतो, आणि त्या उडीच्या क्षणी उघड्या टर्मिनलवर काही हजार व्होल्टचं टोक उभं राहतं. सीटी जोरात गुणगुणते, टर्मिनलवर ठिणग्या दिसतात, कोअर तापतो, इन्सुलेशन जातं. तेलाची सीटी असेल तर ती फुटूही शकते. म्हणूनच सीटीच्या सर्किटमध्ये फ्यूज कधीच नसतो, आणि न वापरलेला कोअर शॉर्ट करून अर्थ केलेला असतो.

पीटीचं बरोबर उलटं. तिच्या प्रायमरीवर व्होल्टेज कायमचं बसलेलं. सेकंडरी उघडी राहिली तरी तिला काही वाटत नाही, पण शॉर्ट झाली की करंट बेसुमार वाढतो आणि वाइंडिंग जळतं. म्हणून पीटीला फ्यूज किंवा एमसीबी हवाच. इथे एक धोका शिकाऊ मुलांना आवर्जून सांगतो. मल्टिमीटरची लाल प्रोब अँपिअरच्या भोकात राहून गेली आणि तुम्ही त्याच मीटरने पीटीचं व्होल्टेज बघायला गेलात, तर तुम्ही पीटी शॉर्ट करताय. हातातल्या मीटरचा फ्यूज फुटतो, नशीब वाईट असेल तर मीटरच फुटतं. म्हणून पॅनलमागे जाताना मल्टिमीटरमधून अँपिअर मोजायचाच नाही असा नियम करा, त्यासाठी क्लॅम्प आहे. मीटर किमान कॅट-३ सुरक्षा दर्जाचं घ्या. आणि पॅनलमागच्या टर्मिनल ब्लॉकवर पीटीच्या एसीशेजारीच कंट्रोलचा डीसीही असतो, तेव्हा फेरूल नंबर (वायरीवरचा ओळख-क्रमांक) वाचल्याशिवाय प्रोब टेकवू नका.

चालू फिडरवर (उपकेंद्रातून बाहेर जाणाऱ्या लाईनवर) मीटर बदलायचं असेल तर टेस्ट टर्मिनल ब्लॉकवर काय करतात ते जवळून बघून घ्या, कारण उपकेंद्रातल्या मोजणीत याहून नाजूक काम नाही. ब्लॉकला दोन बाजू असतात, एक सीटीकडची, दुसरी मीटरकडची, मधे सरकणारी लिंक. आधी सीटीकडच्या बाजूला त्या फेज आणि न्यूट्रलमध्ये शॉर्टिंग लिंक लावतात आणि स्क्रू घट्ट आवळतात. लगेच मधली लिंक उघडत नाहीत. थांबून मीटरकडच्या वायरीला क्लॅम्प लावतात: करंट शून्याजवळ आलाय का? पॅनलवर त्या फेजचा आकडा पडलाय का? पडला असेल तरच मधली लिंक उघडायची. पडला नसेल तर शॉर्टिंग बसलेलं नाही, लिंकला हात लावायचा नाही. परत जोडताना क्रम उलटा, आधी मधली लिंक बंद, मग शॉर्टिंग काढायचं. आणि त्याआधी ड्रॉइंग बघून तो कोअर फक्त मीटरिंगचा आहे याची खात्री करायची. डिफरन्शियल किंवा अर्थ फॉल्ट रिलेला (बिघाड ओळखून ब्रेकर पाडणाऱ्या उपकरणाला) जाणारा कोअर एका फेजला शॉर्ट केला तर रिलेला तो फॉल्टच वाटतो आणि ट्रान्सफॉर्मर ट्रिप होतो. हे काम टेस्टिंगच्या लोकांचं, लेखी परवानगीने. तुम्ही शेजारी उभं राहून बघा.

कोअरचा विषय निघालाच आहे तर सीटीची नेमप्लेट वाचायची सवय लावा. एकाच सीटीत दोन-तीन कोअर असतात. ०.२एस किंवा ०.५ लिहिलेला मीटरिंगचा. ५पी१०, ५पी२० लिहिलेला ओव्हरकरंट आणि अर्थ फॉल्टचा. ट्रान्सफॉर्मर डिफरन्शियलला पीएस क्लास. मीटरिंग आणि रिले, या दोघांच्या कोअरकडून अपेक्षा अगदी वेगळ्या. ५पी२० म्हणजे रेटेड करंटच्या वीसपटीपर्यंत संयुक्त चूक ५ टक्क्यांच्या आत, कारण रिलेला फॉल्टचा मोठा करंट खराखुरा दिसला पाहिजे. मीटरिंगच्या कोअरला नेमकं उलटं हवं असतं. फॉल्टच्या वेळी त्याने लवकर सॅचुरेट व्हावं आणि मीटर वाचवावं. म्हणून त्यावर ५ किंवा १० चा इन्स्ट्रुमेंट सिक्युरिटी फॅक्टर लिहिलेला असतो. हे दोन कोअर अदलाबदल झालेले असले तर रोजच्या वाचनात काहीही कळत नाही. कळतं ते फॉल्टच्या दिवशी, ब्रेकर वेळेत न पडल्यावर.

०.५ क्लास म्हणजे नेहमीच अर्धा टक्का, असंही नाही. तो अर्धा टक्का रेटेड करंटला. २० टक्के करंटला ०.७५ टक्के, ५ टक्के करंटला १.५ टक्के चूक मानकात चालते. ४०० च्या सीटीवर रात्री २० अँपिअरचा शेतीचा फिडर चालला असेल तर तुम्ही त्या १.५ टक्क्यांच्या जागी आहात. ०.२एस क्लास यासाठीच आला. तो ५ टक्क्यांना ०.३५ आणि १ टक्का करंटलाही ०.७५ टक्क्यांच्या आत राहतो. बिलिंगच्या मीटरला सीटी निवडताना "पुढे लोड वाढेल" म्हणून मोठं गुणोत्तर घेऊन ठेवण्याची पद्धत आहे, ती मला पटत नाही. लोड वाढेपर्यंत वर्षानुवर्षं मीटर सीटीच्या कमकुवत भागात चालतं.

बर्डनचा (सीटीवर वायरी आणि मीटर मिळून पडणाऱ्या भाराचा) हिशोब एकदा हाताने करून बघा, म्हणजे एक अँपिअर आणि पाच अँपिअरमधला फरक डोक्यात बसेल. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला साधारण ७.४ ओहम. यार्डातली सीटी कंट्रोल रूमपासून १०० मीटरवर, जाऊन-येऊन २०० मीटर, म्हणजे जवळपास १.५ ओहम. पाच अँपिअरला करंटचा वर्ग २५, नुसत्या वायरीतच ३७ व्हीए (व्होल्ट-अँपिअर) खर्च. १५ व्हीएची सीटी तिथेच संपली. एक अँपिअरला हाच खर्च दीड व्हीए. म्हणून यार्ड मोठं तिथे एक अँपिअरच्या सीटी आणि पॅनलच्या आतच सीटी असेल तिथे पाच चालून जातं. दुसऱ्या टोकाचाही एक घोळ आहे. मीटरिंग कोअरची अचूकता मानकाने रेटेड बर्डनच्या २५ ते १०० टक्क्यांमध्ये दिलेली असते. जुनी चकतीची मीटर आणि काट्याचे अँमीटर भरपूर व्हीए खायचे, आताची डिजिटल मीटर जवळपास काहीच खात नाहीत. ३० व्हीएच्या जुन्या सीटीवर आज एखादाच व्हीए बर्डन असेल तर अचूकतेची हमी राहत नाहीच, शिवाय सिक्युरिटी फॅक्टरही वाढतो, म्हणजे फॉल्टच्या वेळी मीटरपर्यंत जास्त करंट पोचतो.

क्लॅम्प हातात आला की पहिल्यांदा तीन फेजबरोबर न्यूट्रलही मोजा. लोड समतोल असताना आर ०.६२, वाय ०.६१, बी ०.६० असे मिळाले तर न्यूट्रलला शून्याच्या आसपास यायला हवं. तिथे १.२ मिळाला तर एका सीटीची पोलॅरिटी उलटी आहे. पी१-पी२ किंवा एस१-एस२ (प्रायमरीची किंवा सेकंडरीची टोकं) कुठेतरी फिरलेत. एक फेज उलटी असली की न्यूट्रलमध्ये बरोबर दुप्पट करंट येतो. नवीन सीटी बसवल्यावर फिडर चार्ज करताच अर्थ फॉल्टवर ट्रिप होत असेल तर लाईन पेट्रोलिंगला माणसं पाठवण्याआधी हे बघावं. सीटी सेकंडरीचं अर्थिंग एकाच जागी असतं, मार्शलिंग बॉक्समध्ये तरी नाहीतर पॅनलमध्ये. दोन्हीकडे केलं तर जमिनीतून वाट मिळते आणि मोठ्या फॉल्टच्या वेळी रिलेला भलतंच काहीतरी दिसतं.

आता ती १९-३३-१९ ची सकाळ. हे पीटीच्या आर फेजचा फ्यूज गेल्याचं पाठ्यपुस्तकी चित्र आहे. आर फेजचं सेकंडरी व्होल्टेज शून्य झालं की आर-वाय आणि बी-आर या दोन्ही जोड्यांत फक्त एकेका फेजचं व्होल्टेज उरतं, म्हणजे १९. वाय-बी शाबूत, ३३. खरोखर वरून ३३ केव्हीची एक फेज तुटली असती तर चित्र वेगळं दिसलं असतं. ट्रान्सफॉर्मरचं डेल्टा वाइंडिंग तुटलेल्या फेजला मागून व्होल्टेज देतं, त्यामुळे दोन जोड्या ३३ च्या निम्म्या, १६.५ च्या आसपास येतात. पण १९ आणि १६.५ मधला फरक बघून निकाल देऊ नका, कारण फ्यूज गेल्यावरही मीटर आणि रिलेच्या कॉइलमधून उधारीचं व्होल्टेज त्या फेजवर येतं आणि आकडा इकडेतिकडे होतो. खरी खूण ११ केव्ही बाजूला. ३३ ची एक फेज गेली की डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मरच्या ११ केव्ही बाजूला एक फेज पूर्ण आणि दोन फेज निम्म्या होतात, आणि दहा मिनिटांत फोन खणखणायला लागतात. तुमच्याकडे ११ केव्ही व्यवस्थित होतं, एक तक्रार नाही. म्हणजे वीज ठीक होती, फक्त मीटरचे डोळे गेले होते.

या उधारीच्या व्होल्टेजमुळे फ्यूज तपासतानाही फसगत होते. फ्यूजच्या मीटरकडच्या टोकाला न्यूट्रलपासून मोजलं तर शून्याऐवजी ३०-४० व्होल्ट मिळू शकतात आणि माणूस म्हणतो "कमी आहे पण येतंय". तसं मोजू नका. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून दोन्ही प्रोब फ्यूजच्या दोन टोकांना लावा. चांगल्या फ्यूजच्या आरपार शून्य. गेलेल्या फ्यूजच्या आरपार व्होल्टेज दिसतंच. नवा फ्यूज त्याच रेटिंगचा. तार गुंडाळून भागवू नका. फ्यूज पुन्हा गेला तर थांबा, सेकंडरीत कुठेतरी शॉर्ट आहे.

फ्यूज गेलेल्या वेळेत तीन एलिमेंटच्या एनर्जी मीटरने जवळपास एक तृतीयांश युनिटं मोजलेलीच नसतात, म्हणून वेळ लॉगबुकात नोंदवणं महत्त्वाचं. पण ती वेळ कळायला लॉगशीट खरं असावं लागतं. सलग सहा तास ३२.५, ३२.५ असं लिहिलेलं दिसलं की समजावं, ऑपरेटरने मीटरकडे नाही, वरच्या ओळीकडे बघून लिहिलंय. ३३ केव्हीचं व्होल्टेज इतकं शहाण्यासारखं वागत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या ग्रिड मानकांत ३३ केव्हीला ३० ते ३६ ही मर्यादा आहे, आणि दुपारच्या शेतीच्या लोडपासून पहाटेपर्यंत आकडा त्यात चांगला खाली-वर होतो.

पुढे कधी २२० केव्हीच्या उपकेंद्रात गेलात तर पीटीच्या जागी सीव्हीटी दिसेल. कपॅसिटरच्या रांगेने व्होल्टेज आधी विभागायचं आणि मग लहान ट्रान्सफॉर्मरने ११० वर आणायचं. तिचा दोष फ्यूजसारखा एकदम येत नाही, हळूहळू येतो. वरच्या भागातले कपॅसिटर एलिमेंट फुटले तर सेकंडरीचं व्होल्टेज चढतं, खालच्या भागातले फुटले तर उतरतं. म्हणून तिथे तीन फेजची आणि त्याच बसवरच्या दुसऱ्या सीव्हीटीची वाचनं ओळीने लिहून ठेवतात. एकच फेज महिन्यागणिक सरकत असेल तर ती सीव्हीटी वेळेत उतरवायची.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. ३३ केव्हीला १२४ अँपिअर, तर ११ केव्हीला किती हवेत? व्होल्टेज तिप्पट कमी, करंट तिप्पट जास्त: ३७२. टॅपची जागा आणि प्रत्यक्ष व्होल्टेज धरून पाच-दहा टक्के इकडेतिकडे. १० एमव्हीएला पूर्ण लोडचे करंट १७५ आणि ५२५, म्हणजे तुमचा ट्रान्सफॉर्मर ७१ टक्क्यांवर चाललाय. पण ११ केव्ही इनकमर १८६ दाखवतो, बरोबर निम्मे. दोन ट्रान्सफॉर्मर चालू असते तर मी म्हटलं असतं की करंट दोघांत वाटला गेलाय. तुम्ही एकच लिहिलाय. दोष इतका नेमका अर्धा क्वचितच असतो. हा गुणोत्तराचा घोळ. इनकमरची सीटी ६००-३००/१ अशी दोन टॅपची असावी, जोडणी ६०० वर आणि मीटरमध्ये ३०० भरलेले. सेकंडरीतल्या ०.६२ ला ६०० ने गुणलं तर ३७२, ३०० ने गुणलं तर १८६.

पडताळायला सोपं आहे. एकाच मिनिटाला सगळ्या ११ केव्ही फिडरचे करंट लिहून बेरीज करा. ती इनकमरच्या दुपटीजवळ आली तर संशय पक्का. कपॅसिटर बँक चालू असेल तर फिडरची बेरीज इनकमरपेक्षा थोडी जास्त येतेच, पण दुप्पट नाही. मग ३३ आणि ११ केव्ही बाजूच्या एनर्जी मीटरची एका महिन्याची युनिटं बघा. ट्रान्सफॉर्मरमध्ये जेमतेम एखादा टक्का जायला हवा. तिथेही निम्मी दिसली तर मल्टिप्लायिंग फॅक्टरही (मीटरच्या आकड्याला ज्याने गुणतात तो अंक) चुकीचाच लागतोय. शेवटी, फिडर बंद आणि परमिट हातात असताना टेस्टिंगच्या माणसाबरोबर सीटीच्या टर्मिनलवर प्रत्यक्ष कुठला टॅप जोडलाय ते डोळ्यांनी बघा. नेमप्लेटवरून फक्त कुठले टॅप आहेत ते कळतं, कुठला वापरलाय ते नाही.

सेटिंग स्वतः बदलू नका. त्याच गुणोत्तरावर रिलेचं पिकअपही (ज्या करंटला रिले काम सुरू करतो ती मर्यादा) प्रायमरी अँपिअरमध्ये बांधलेलं असू शकतं, आणि नुसता डिस्प्ले सुधारायला जाऊन ओव्हरकरंटची मर्यादा दुप्पट किंवा निम्मी होईल. आकडे लेखी करून सहायक अभियंत्यांना द्या. दुरुस्ती झाली की तारीख, वेळ, जुनं आणि नवं गुणोत्तर आणि त्या क्षणाचं एनर्जी मीटरचं रीडिंग रजिस्टरमध्ये लिहून घ्या, कारण मागच्या महिन्यांचा हिशोब दुरुस्त करायला बसणारा माणूस सगळ्यात आधी तेच रीडिंग मागेल.